पश्चिमेचं अंगण, काळी माती आणि मे महिना: सावलीसाठी कोणतं झाड लावू?

बेसावासी

नमस्कार मंडळी. नागपुरात बेसा रोडच्या आतल्या बाजूला एका लेआऊटमध्ये आमचं घर आहे. प्लॉट ३० बाय ५०, तोंड पश्चिमेला. समोर घरापासून कंपाऊंडपर्यंत १४ फूट मोकळी जागा, मागे ६ फूट, बाजूंना जेमतेम तीन-तीन फूट. समोरच्या दक्षिण कोपऱ्यात गेट, पोर्च आणि सेप्टिक टँक आहे. उत्तरेकडचा कोपरा पूर्ण रिकामा आहे. विजेची तार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाते.

अडचण अशी आहे की मार्च सरला की दुपारी दोन-अडीचपासून ऊन समोरच्या भिंतीवर येतं ते थेट बुडेपर्यंत हटत नाही. हॉलची भिंत रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागते. कूलर त्याच भिंतीच्या खिडकीत बसवला आहे, तो रात्रभर गरम हवाच फेकतो. बाबांची बायपास झालेली आहे. संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं, एवढीच त्यांची इच्छा असते. एप्रिल ते जून ते शक्यच होत नाही, आणि त्यांना असं कोंडल्यासारखं बसलेलं पाहवत नाही.

माती वरची चार फूट काळी, उन्हाळ्यात भेगांमध्ये चप्पल अडकते. खाली पिवळसर मुरूम. नळ एक दिवसाआड येतो. बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात.

एका नर्सरीवाल्याने कोनोकार्पस सांगितलं, म्हणे दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते. शेजारचे काका म्हणतात गुलमोहर लावा. बायकोला बहावा हवा आहे. आई कडुनिंबावर अडून बसली आहे. मला एवढंच कळतं की झाड एकदा लावलं की तीस-चाळीस वर्षं तिथेच राहणार, म्हणून आत्ताच नीट विचारून घेतो. कोणतं झाड, घरापासून किती दूर, आणि कधी लावायचं?

मानेवाडाकर

आईचं ऐका. कडुनिंब लावा आणि मोकळे व्हा. आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरापुढे आहे. पाणी नाही, खत नाही, ४६ अंशांतही हिरवागार उभा. काड्या-पानं झाडायचा थोडा त्रास होतो, पण सावलीत झाडणं आणि उन्हात बसणं यात निवड करायची तर मी झाडू घेईन. कोनोकार्पस मात्र चुकूनही लावू नका.

रोपवाटिकावाले काका

बेसावासी, बाबांबद्दल वाचलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी वनखात्याच्या रोपवाटिकांमध्ये गेली. आता निवृत्त होऊन प्रतापनगरला असतो आणि लोकांच्या अंगणातली झाडं पाहत फिरतो.

नागपुरात सावलीचं झाड निवडताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, त्याच्या अंगावर पान असतं का? वाढ किती, फूल कसं, पाणी किती, हे सगळं त्यानंतर. आपल्या भागातली निम्मी देखणी झाडं नेमकी मार्च ते मे उघडी असतात. विदर्भाचं जंगल पानगळीचं आहे. जमिनीतलं पाणी आटलं की पान टाकून द्यायचं आणि जीव वाचवायचा, ही त्या झाडांची रीत. त्यांच्यासाठी ते शहाणपणाचंच आहे, पण ज्या महिन्यात तुमची भिंत पोळते त्याच महिन्यात ती झाडं रिकामी असतात.

बहावा घ्या. तो एप्रिल-मेमध्ये पिवळाधमक फुलतो तेव्हा पान जवळजवळ नसतंच. वहिनींसाठी जरूर लावा, पण फुलासाठी. सावलीचं काम त्याच्यावर टाकू नका. पळसाचंही तसंच, फुलांच्या वेळी एक पान दिसत नाही. साग तर मृगाचा पाऊस येईपर्यंत खराटा असतो. काळा शिरीष रस्त्याकडेला मोठ्या सावलीसाठी लावतात, आणि पावसाळ्यात त्याची सावली खरोखर मोठी असतेही, पण हिवाळ्यात झडला की एप्रिलपर्यंत वाळक्या शेंगा वाजवत उभा राहतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मेमध्ये त्याला फूल असतं, दाट पान यायला पाऊस तोंडावर यावा लागतो. शिवाय लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. मे अखेर जी वादळं येतात त्यात नागपुरात सर्वांत आधी आडवी होणारी झाडं कोणती, ते सकाळी रस्त्यावर फिरून पाहा.

आता ज्यांना त्या दिवसांत पान असतं त्यांचं बोलू. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये झडतो आणि लगेच तांबूस पालवी धरतो. गुढीपाडव्याला आपण तीच पानं तोंडात टाकतो. एप्रिल संपेपर्यंत त्याचं छत्र भरलेलं असतं. करंजही असाच. मार्चच्या आसपास पान टाकतो, थोड्याच दिवसांत पोपटी पालवीनं भरतो, आणि मे येईपर्यंत ते पान गर्द हिरवं होऊन सावली इतकी दाट पडते की खाली जमिनीवर उन्हाचे कवडसेही मोजकेच दिसतात. चिंच, जांभूळ, आंबा, बकुळ, पुत्रंजीवा, सातवीण यांना तर बारा महिने पान असतं.

यातलं तुमच्या १४ फुटांत काय बसतं? चिंचेची सावली मला सर्वांत आवडते, सिव्हिल लाईन्समधल्या जुन्या चिंचांखाली दुपारी उभं राहून पाहा. पण ते झाड वाड्याचं आणि वावराच्या धुऱ्यावरचं. वाढ हळू, घेर प्रचंड. जांभूळ साचलेलं पाणीही सहन करतो, काळ्या मातीत छान येतो. फक्त जूनमध्ये फरशी, गाडी, कपडे सगळं जांभळं होईल, आणि बाबांच्या खुर्चीवरही तेच पडेल. आंब्याला लहानपणी पाणी आणि निगा जास्त लागते, पण लागला की सावली उत्तम. सातवीण हिरवीगार आणि झटपट वाढणारी, म्हणून लोक लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा वास इतका उग्र येतो की श्वासाचा त्रास असलेल्या माणसाच्या घरासमोर ती मी कधीच सुचवणार नाही. उभा अशोक सावलीसाठी नसतोच, त्याची सावली एका माणसापुरती. वड, पिंपळ, उंबर यांना अंगणात जागा नाही. भिंत आणि पाया दोन्ही फोडतात.

कोनोकार्पसला मेमध्ये पान असतं हे नर्सरीवाल्याचं म्हणणं खरं आहे. पण त्याची मुळं पाण्याच्या आणि गटाराच्या पायपांकडे धाव घेतात, आणि परागकणांबद्दलच्या तक्रारींमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. तुमच्याकडे सेप्टिक टँकही समोरच आहे आणि हृदयाचा रुग्णही घरात आहे. विषय संपला.

राहिले कडुनिंब आणि करंज. कडुनिंबावर माझा जीव आहे, पण तो सरळ वर जाणारा. ५०-६० फूट उंची सहज गाठतो. तुमच्या घराला एकच मजला आहे असं धरतो. त्याला हवी आहे ती सावली १० ते २० फुटांच्या पट्ट्यात, आणि काही वर्षांनी कडुनिंबाचं सगळं छत्र त्याच्या वर निघून जातं. पाणी साचलं तर तो रुसतोही, आणि पावसाळ्यात बेसा-मनीषनगरच्या बाजूला अनेक लेआऊटमध्ये पाणी साचतं. करंज बुटका, पसरट, कमी उंचीवर फांद्या धरणारा, छाटणीला वळणारा. नदी-नाल्याच्या काठचं झाड असल्याने पावसाळ्यातलं पाणी सोसतं आणि मुळं खोल गेली की उन्हाळाही काढतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून आजूबाजूची मातीही सुधारते. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडतो, मधमाश्या येतात. उणेपणाही सांगतो: पानांवर बारीक फोड येतात, दिसायला वाईट पण झाडाला त्यानं काही होत नाही. शेंगा पडतात, त्या झाडाव्या लागतात. बिया कडू आणि विषारी असतात, लहान मुलं असतील तर सांगून ठेवा.

तुमच्यासाठी माझं उत्तर करंज.

आता जागा, आणि इथे मी लोकांशी नेहमी भांडतो. मोठं झाड नैऋत्येला लावा असं सगळे सांगतात. वास्तूचं मी काही बोलत नाही, उन्हाचं बोलतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नवतपाही २५ मेलाच लागतो. त्या दिवसांत दुपारनंतर सूर्य कलतो तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडून. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो मावळतो तेव्हा ठीक पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत घर सर्वांत जास्त तापतं, त्या आठवड्यांत ऊन तुमच्या घरावर वायव्येच्या अंगानं येतं. नैऋत्येचं झाड तेव्हा सावली शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये टाकत असतं. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दक्षिणेकडे असतो, आणि तेव्हा तर बाबांना ऊन हवंच असेल. तुमचा उत्तरेचा कोपरा रिकामा आहे हे नशीब समजा. त्या कोपऱ्यापासून थोडं मध्याकडे, कंपाऊंडच्या जवळ खड्डा घ्या.

चार वाजता मे अखेरीस सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपास असतो. २० फुटांच्या झाडाची सावली तेव्हा २७-२८ फूट पडते. झाड भिंतीपासून १२ फुटांवर असेल तर एक मजल्याची भिंत तिच्यात पूर्ण झाकली जाते. विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्रभर ते आत सोडते, म्हणून तुम्हाला अकरा वाजता गरम लागते. ऊन भिंतीला लागण्याआधीच पानांवर अडलं की रात्र बदलते. कूलरची टाकी आणि वाळाही मग उन्हात तापणार नाही.

पाया आणि प्लिंथ

काकांच्या झाडाच्या निवडीशी सहमत. मी बांधकामातला माणूस, म्हणून मातीबद्दल लिहितो. मराठी घरांत याकडे फार दुर्लक्ष होतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. झाड तिच्यातलं पाणी ओढतं, त्यामुळे झाडाच्या आसपासची माती उन्हाळ्यात जास्त आकसते. झाडाची मुळं पाया फोडतात असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा मुळांनी पायाला हातही लावलेला नसतो. खालची माती बसते आणि वरच्या भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या घराच्या कॉलमचे फुटिंग, म्हणजे जमिनीखालचे रुंद पाय, मुरमात गेलेले आहेत का? चार फुटांवर मुरूम असेल आणि बांधणाऱ्याने तिथवर खोदलं असेल तर १२ फुटांवरच्या करंजाची घराला काळजी नाही. फुटिंग काळ्या मातीतच थांबवले असतील तर १४ फुटांच्या अंगणात मी कोणतंही मोठं झाड लावू देणार नाही.

खरी भीती कंपाऊंडची. ती भिंत बहुतेक ठिकाणी दीड-दोन फूट खोदून, दगडाचं सोलिंग टाकून उभी करतात. झाड तिच्या दोन-तीन फुटांवर येणार, तर ती तडकणारच. उपाय सोपा आहे: झाडासमोरचा सहा-आठ फुटांचा भाग काढा, दोन्ही टोकांना मुरमापर्यंत छोटे कॉलम घ्या, जमिनीच्या चार बोटं वर बीम टाका आणि त्यावर विटा रचा किंवा जाळी लावा. बीमखाली मुळांना जाऊ द्या. आणि सेप्टिक टँकपासून झाड किमान १५ फूट ठेवा, टँकच्या इनलेट पायपाचा जोड आधी तपासून सिमेंटने बंद करा. मुळं ओलाव्याच्या वासावर जातात, जोड गळत नसेल तर त्यांना तिकडे जायचं कारण उरत नाही.

अजून एक. अख्ख्या अंगणात पेव्हर बसवू नका. झाडाभोवती निदान सहा बाय सहा फूट माती उघडी ठेवा. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततात ते पाहून माझा जीव कळवळतो.

प्राजक्त

बहावा हवा असणाऱ्या वहिनींच्या बाजूने दोन शब्द! आमच्याकडे गेटजवळ बकुळ आहे. वाढायला फार वेळ घेते, हे आधीच सांगते. पण बारा महिने हिरवी, पान गडद आणि दाट, कचरा जवळजवळ नाही, आणि सुकल्यावरही फुलांचा वास जात नाही. उंची आवरून ठेवता येते. छोट्या अंगणात दुसरं झाड म्हणून तिचा विचार करा. भिंतीसाठी करंज आणि माणसांसाठी बकुळ.

काटोलचा बागायतदार

आमची संत्र्याची बाग आहे, काळ्या मातीत रोपं जगवण्यातच जन्म चालला आहे. तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

खड्डा ३ बाय ३ बाय ३ फुटांचा, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. काळ्या मातीत लोक एक चूक हमखास करतात: खड्ड्यातली सगळी माती फेकून त्यात रेती, लाल माती, खत भरतात. भोवती चिकण काळी माती आणि मधे भुसभुशीत भर, म्हणजे पावसाळ्यात सगळ्या अंगणाचं पाणी त्या खड्ड्यात येऊन उभं राहतं आणि मुळं सडतात. निघालेली मातीच परत वापरा. तिच्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, थोडा मुरूम आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. उधई (वाळवी) असेल तर पेंड सोडू नका. भराव जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा, तो बसतोच.

आणि बुंध्याला चुना लावा. बागेत आम्ही पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. तुम्हाला तेवढं लागणार नाही, साधा चुना पुरे. पश्चिमेच्या उन्हानं कोवळ्या खोडाची साल भाजते, पांढरं असलं की वाचते. जमिनीवर कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) पसरा, तुरीचं मिळालं तर उत्तम, सोयाबीनचंही चालतं. चार बोटं जाड थर, फक्त खोडाला टेकू देऊ नका. भेगा पडणं त्यानेच थांबतं, आणि भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात हे लक्षात ठेवा.

बेसावासी

सगळ्यांचे मनापासून आभार. मला वाटलं होतं दोन ओळींची उत्तरं येतील.

घर बांधणाऱ्याकडे विचारून घेतलं. फुटिंग साडेपाच फुटांवर, मुरमात आहेत. घर एकमजलीच आहे. कंपाऊंडचं बीमचं काम पावसाळ्याआधी करून घेतो. घरी सांगितलं तर करंजाला सगळे तयार झाले. आई थोडी हिरमुसली, पण अंगणात सावली होणार म्हटल्यावर तीही बरी झाली. बकुळ गेटजवळ लावायची का ते पाहतो, तिथे टँक जवळ येतो.

काकांना अजून चार गोष्टी विचारायच्या आहेत. एका नर्सरीत आठ-दहा फुटांचं करंज तयार मिळतंय, ते आणलं तर दोन वर्षं वाचतील का? लावायचं मृगातच का? पाणी बोअरचं चालेल का, आणि कूलरमधून रोज बादलीभर पाणी काढून टाकतो ते घालू का? आणि झाड मोठं होईपर्यंत बाबांचं काय करू?

रोपवाटिकावाले काका

दहा फुटांचं रोप आणू नका. नर्सरीत ते वर्षानुवर्षं त्याच पिशवीत असतं. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून एकमेकांना आवळत गेलेली असतात. जमिनीत लावल्यावरही ती तशीच वळत राहतात, आणि झाड दहा वर्षांचं झालं की एका वादळात मुळासकट उपटून पडतं. तीन-साडेतीन फुटांचं, बोटाएवढ्या जाड खोडाचं, पानं निरोगी असलेलं रोप घ्या. सामाजिक वनीकरणाच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत विचारा, खाजगी नर्सरीतही मिळतं, आणि किमतीला ते भारी नसतं. पिशवी उलटी करून ओढू नका. ब्लेडनं उभी चिरून काढा. तळाची वळलेली मुळं दिसली तर धारदार कात्रीनं छाटून टाका, हात आखडू नका. हे लहान रोप तीन-चार वर्षांत त्या दहा फुटांच्याला गाठून पुढे जातं.

मृग लागला म्हणून ७ जूनला लावू नका. पहिल्या सरींनी काळी माती वरून ओली दिसते, आत ती अजून तापलेली असते, आणि मधे पंधरा दिवस पावसानं दडी मारली तर रोप जातं. जमीन हातभर खोल ओली झाली, हवा गार पडली, साधारण जुलैचा पहिला पंधरवडा, तेव्हा लावा. मग सप्टेंबर संपेपर्यंत मुळं पसरायला पूर्ण हंगाम मिळतो.

पाण्याचं. बोअरचं जड पाणी करंज सोसतो, जमलं तर आठवड्यातून एकदा नळाचं घाला. पावसाळ्यात वर्षभराचे क्षार धुऊन जातात. कूलरचं पाणी मात्र घालू नका. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, त्यामुळे संध्याकाळी टाकीत उरतं ते बोअरपेक्षा कितीतरी खारट असतं. रोज घातलं तर पानांच्या कडा जळतील. ते फरशी धुवायला वापरा.

पाणी देण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची. रोज संध्याकाळी पाइप धरून दोन मिनिटं पाणी मारणारी माणसं मी फार पाहिली. त्यानं वरची दोन बोटं माती ओली होते, मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार बादल्या, सावकाश, जिरतील तशा. आळं खोडापासून एक-दीड फूट लांब करा आणि दर वर्षी ते बाहेर सरकवा. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. तिसऱ्यात पंधरा दिवसांनी. पुढे त्याचं तो पाहतो. रोपाशेजारी एक बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवलंत तर बाहेरगावी गेल्यावरही काळजी नाही.

छाटणीची घाई करू नका. पहिली दोन वर्षं खालच्या फांद्या राहू द्या, खोड त्यांनीच जाड होतं आणि त्याला सावलीही त्याच देतात. तिसऱ्या वर्षापासून दर पावसाळ्याच्या सुरुवातीला खालची एक-दोन फांदी काढत जा, खोड आठ फुटांपर्यंत मोकळं होईल इतकंच. दोन शेंडे सारख्या जोराने वर चालले असतील तर एक लवकर काढा, नाहीतर मोठेपणी तो सांधाच फाटतो. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी कुऱ्हाड घेऊन आला आणि डोकं उडवून देतो म्हणाला तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. उन्हाळ्याच्या तोंडावर छाटलेलं झाड त्या वर्षी सावली देत नाही. झाड मोठं झाल्यावर तोडायची वेळ आली तर शहरी भागात १९७५ च्या राज्याच्या कायद्यानुसार परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. म्हणून जागा आत्ताच मोजून घ्या.

टँकपासून अंतर राखायचं तर बकुळ गेटजवळ नको. तिला अंगणाच्या मध्यात, पण करंजापासून दहा-बारा फूट दक्षिणेला ठेवा. मुळं तिची फार दूर जात नाहीत. वहिनींचा बहावा सहा फुटांच्या मागच्या पट्टीत दाटीवाटीनं लावण्यापेक्षा लेआऊटच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला, परवानगी घेऊन लावा. तिथे तो सगळ्यांना दिसेल.

आता बाबांचं. त्यांना चार वर्षं थांबायला सांगता येणार नाही. समोरच्या भिंतीपासून सहा-सात फुटांवर चार लोखंडी पायपांचा किंवा बांबूंचा मांडव उभा करा, नऊ फूट उंच, पश्चिमेची बाजूही वरून चार फूट बांबूंनी बांधून घ्या. त्यावर मधुमालती सोडा. तिला उन्हाळ्यात पान असतं, वाढ जोराची आहे, आणि संध्याकाळी फुलं पांढरी उमलून पुढे गुलाबी-लाल होतात, त्यांना वासही असतो. एका पावसाळ्यात ती मांडव धरते. येत्या उन्हाळ्यात पान विरळ वाटलं तर वरून हिरवी जाळी टाका, पण जाळी भिंतीला चिकटवू नका; मधे हातभर जागा राहिली तर गरम हवा वर निघून जाते. मांडवाखाली संध्याकाळी फरशीवर पाणी शिंपडा आणि सहा वाजल्यानंतर खुर्ची तिथे टाका. करंज मोठा झाला की पश्चिमेचे बांबू काढून टाका, वरचा मांडव राहू द्या.

जुलैत रोप लावलंत की आळ्याचा आणि खोडाचा फोटो इथे टाका. शेंडा कोणता ठेवायचा ते मी पाहून सांगतो.